ढगांसाठी नेलेला बर्फ

अक्का, तुझ्या भावानं मला चांगलंच अडकवलंय. तुझ्या दहाव्याला राघूअण्णांनी माझा खांदा धरला आणि म्हणाले, "दिगंबर, मंडळाच्या अंकात तिच्यावर तूच लिहायचंस. दोन-तीन पानं. रडकं नको हं, तिला आवडायचं नाही. तुझ्या त्या थापा लिही. लोकांना हसू दे." मी मान डोलावली. बावीस वर्षं मी बंगळूरच्या मराठी माणसांना हसवतोय. नागपूरला उन्हाळ्यात आमच्या विहिरीतून उकळलेला चहाच शेंदतात, हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता मला त्याची चवसुद्धा आठवते. मला तीन पानं म्हणजे काय! पण तीन दिवस झाले, अक्का, कागद समोर आहे आणि एक थाप सुचत नाही. कागदावर काहीतरी आडवं बसलंय. ते काय आहे ते तुला ठाऊक आहे. तुला ठाऊक होतं, हेच मला परवा कळलं.

अंक वाचणाऱ्यांतल्या निम्म्यांना अजून वाटतं की आपण दोघं फळांचे रस काढायच्या कारखान्यात होतो. "मजाय बुवा तुमची, दिवसभर द्राक्षं!" तू कपाळावर हात मारून घ्यायचीस. तर लोकहो, द्राक्षं होती, पण खायला नव्हती. बागेत फळावर औषध मारतात. मग ऊन, पाऊस आणि फळाचा स्वतःचा रस मिळून त्या औषधाचे तुकडे पाडतात. फळ बाजारात येईपर्यंत त्यावर थोडं मूळ औषध उरतं, थोडे त्याचे तुकडे. काही तुकडे गरीब स्वभावाचे, काही बापापेक्षा वाईट. आपल्या प्रयोगशाळेत आपण हे दोन्ही मोजायचो. फळं गोठवून, दळून, वाटीत घालून तुझ्यापुढे ठेवायची हे माझं काम. त्यातून औषध काढायचं, मोजायचं आणि खाली सही करायची हे तुझं.

माझा पहिला आठवडा तुला आठवतो? मी सफरचंदं स्वच्छ धुऊन, पुसून, ताटात रचून आणली होती. आईनं वळणच तसं लावलेलं. तू अशी ओरडलीस की तिकडे चामराजपेटेत तुझ्या आईच्या हातातला तवा पडला. "अय्यो! कुणी सांगितलं धुवायला? देवाला दाखवायचेत का? जे मोजायचं तेच नळाखाली सोडून आलास!" आणि घरी मात्र तू द्राक्षं तीन-तीन पाण्यांतून काढायचीस. मी म्हणायचो, अक्का, हा कुठला न्याय? तू म्हणायचीस, "इथे खरं काय ते बघायचं असतं रे, घरी पोट सांभाळायचं असतं." केळं सालीसकट दळायचं, हा नियम मला शेवटपर्यंत पटला नाही. बावीस वर्षं आपण त्या सालीवर भांडलो. मी म्हणायचो, साल कोण खातं, माकडं? तू म्हणायचीस, माकडंही सोलून खातात, तूच एक राहिलास. ते भांडण अर्धंच राहिलं. आता मी कुणाशी भांडू? मेघना ऐकून घेते. आपली ती मुंबईहून आलेली केमिस्ट, सभ्य बाई आहे, म्हणते, "गाइडलाइन आहे ना सर, फॉलो करायची." असं भांडण होत नसतं.

आणि तुझा हात! त्यावर मी मंडळात काय काय गोष्टी रचल्या होत्या. तुझ्या हातात पिपेट आली की थेंब रांगेत उभे राहतात, आपला नंबर येईपर्यंत चुळबूळ करत नाहीत. तू एकदा सुईच्या टोकाएवढं औषध उलसूरच्या तळ्यात टाकलंस आणि दुसऱ्या काठावरून तेवढंच परत काढून दाखवलंस. लोक हसायचे. तू म्हणायचीस, "गप्पीदास, स्वल्प कमी कर." पण आतून सुखावायचीस. चष्मा काढून पदरानं पुसायचीस, तेव्हा मला कळायचं. तो हात तुझं सगळं होतं, अक्का. तू लग्न केलं नाहीस, घर बांधलं नाहीस, परदेशी गेली नाहीस. तुझ्या नावावर तो हात होता, आणि त्या हाताची सही.

आता लिहितो. आता नाही लिहिलं तर मी पुन्हा विहिरीतल्या चहाकडे वळेन.

मंडळाच्या गणपतीत या वर्षी नाटक होतं आणि मी नारद होतो. माझ्या वजनाचा नारद स्वर्गातून उतरणार म्हणजे ढग तसेच हवेत. दिग्दर्शक म्हणाले, उदबत्त्या लावू. मी म्हणालो, छे, असले ढग आणतो की विमानं रस्ता चुकतील. मी अख्खा हिमालय उचलून आणला. नाही. हिमालय नाही. थर्माकोलचा एक खोका. प्रयोगशाळेचा कोरडा बर्फ, धूर सोडणारा, ज्याचं पाणी होत नाही तो. गुरुवारी सकाळी आठवड्याचा साठा येतो, तो सगळाच्या सगळा मी गुरुवारी संध्याकाळी ऑटोत घालून सभागृहात नेला.

ढग मात्र झाले! पहिल्या रांगेत तू बसली होतीस, जांभळ्या साडीत. धुरातून मी चिपळ्या वाजवत बाहेर आलो आणि सगळ्यांत आधी टाळी तुझी. नंतर पडद्यामागे येऊन म्हणालीस, "धूर काय सुंदर आला रे! मला खरंच वाटलं वरून उतरलास." मी वाकून नमस्कार केला. अंक वाचणाऱ्यांनो, तुम्हीही टाळ्या वाजवल्या होत्या. त्या टाळ्या मला परत करायच्या आहेत, कशा करतात ते ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी द्राक्षं दळायची होती. गावठी, काळी-जांभळी, इथल्याच एका बागेतली, दोन पिशव्यांत गोठवून ठेवलेली. एक दळायची, एक जपून ठेवायची. बर्फ घालून दळलं की द्राक्षांची भुकटी होते, होळीच्या रंगासारखी कोरडी. मग रसाला औषधाचे तुकडे पाडायला वावच मिळत नाही. बर्फ नसेल तर मिक्सर तापतो, रस सुटतो आणि रस आपलं काम सुरू करतो. हे मला ठाऊक होतं. तूच शिकवलं होतंस. पण मी म्हटलं, द्राक्षं गोठलेली तर आहेत, एका दिवसानं काय होतंय? आणि दळली. भुकटी झाली नाही. सरबत झालं.

त्यातली पहिली वाटी तू लगेच घेतलीस. दुसरी घेणार तोच साहेबांनी तुला आत बोलावलं. ती वाटी टेबलावर तशीच तासभर बसली. संध्याकाळी आकडे आले. एकाच पिशवीची द्राक्षं, आणि एका वाटीत दुसरीच्या चौपट औषध.

तू माझ्याकडे वळलीस. "दिगू, बर्फ पुरेसा घातला होतास ना?"

"अक्का, एवढा घातला की मिक्सरला सर्दी झाली."

तू हसलीस. अक्का, तू हसलीस आणि माझ्यावर विश्वास ठेवलास. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. साहेब ओरडले असते, चौकशी झाली असती, फार तर नोकरी गेली असती. बावीस वर्षांत मी हजार गोष्टी सांगितल्या, आणि एक खरी सांगायची वेळ आली तेव्हा मिक्सरला सर्दी झाली.

तू म्हणालीस, तुकडे मोजून बघू, तुकड्यांवरून कळेल. पण तुकडा मोजायचा तर त्याचा शुद्ध नमुना शेजारी लागतो, आणि त्याची कुपी संपलेली. नवी यायला महिना तरी लागणार होता. मग तू म्हणालीस, जपून ठेवलेली पिशवी काढ, पुन्हा करते. मी गेलो, फ्रीजरचं दार उघडलं, पिशवी हातात घेतली. दगडासारखी टणक. त्यावर तुझं अक्षर. ती दळायला घेतली असती तर बर्फच नाही हे दिसलं असतं, आणि सरळ कळलं असतं की पहिल्या वेळी दळणाऱ्यानं घोळ घातला. मी ती खालच्या कप्प्यात मक्याच्या कणसांमागे सरकवली आणि येऊन म्हणालो, "अक्का, परवा वीज गेली होती ना, पिशवी पार वितळली. जेली झाली होती. टाकली."

तू आपल्या हाताकडे पाहिलंस. उजवा हात टेबलावर पालथा ठेवलास आणि बघत राहिलीस, जणू तो कुणीतरी विसरून गेलेला हात आहे.

द्राक्षवाल्याचं काही बिघडलं नाही. त्यानं दुसरी पेटी पाठवली. पुढच्या गुरुवारी नवा बर्फ आला, तो घालून मी दळलं, मेघनानं मोजलं, सगळं चोख आलं. बिघडलं ते तुझं. तू मला म्हणालीस, "बघ, तिनं केलं तर बरोबर. मी केलं तर एकाचं चार. वय झालं रे. थेंब कुठे पडतोय ते हाताला कळत नाही आता." मी म्हणालो, "छे अक्का, तुझा हात म्हणजे..." आणि उलसूरच्या तळ्याची गोष्ट सांगितली. पुन्हा! तुला दिलासा द्यायला मी थाप मारली, आणि खरं जे सांगितलं असतं तर तुला दुसरा दिलासा लागला नसता, ते खिशात ठेवलं. तू त्यानंतरच्या सोमवारी साहेबांना लिहून दिलंस की यापुढे अहवालांवर तू सही करणार नाहीस. निवृत्तीला दीड महिना उरला होता. दीड महिना तू मेघनाच्या शेजारी खुर्ची टाकून बसलीस, हात मांडीवर ठेवून.

हे मी रोज पाहत होतो. समोरच बसून, कलिंगडं चिरत.

दहाव्याला राघूअण्णांनी मला आणखी एक सांगितलं. अंकासाठी नव्हे, असंच. म्हणाले, "तुला ठाऊक आहे का, ती रोज सकाळी सुईत दोरा ओवून बघायची. कॉफीच्या आधी. दहा सुया मांडायची, दहाही ओवायची. महिनाभर, एकदा चुकली नाही. मग म्हणायची, घरी चुकत नाही, मग तिथेच कसं चुकलं?" मला वाटलं जमीन फाटावी आणि माझ्यासकट ते सगळे द्रोण-पत्रावळी आत जावेत. मग म्हणाले, "पण निवृत्त झाली त्या दिवशी घरी आली आणि सुयांचा डबा उचलून कपाटात ठेवला. मी विचारलं, काय गं? तर म्हणे, आयतु अण्णा, झालं, उत्तर मिळालं. काय मिळालं कुणास ठाऊक."

ते ऐकलं आणि मी मनात तारीख जुळवली.

कारण तुझ्या निवृत्तीच्या दिवशीच मी तुला घरी सोडायला आलो होतो. समारंभात तू बोललीस. म्हणालीस, "डोकं अजून चालतं, हात थकला, म्हणून थांबते." सगळ्यांसमोर! साहेबांनी शाल घातली. मग आपण ऑटोत बसलो, तुझ्या मांडीवर तो हार आणि स्टीलचा डबा. टाउन हॉलपाशी गाड्या जाम. ऑटोवाले अण्णा इंजिन बंद करून खाली उतरले. आणि तू एकदम विचारलंस, "दिगू, त्या नाटकात धूर कुठून आणला होतास रे?"

अक्का, तेव्हा मला दरवाजा उघडून दिलास ना तू? सताड उघडून, बाजूला उभी राहिलीस. आणि मी काय केलं? मी म्हणालो, एक सिनेमावाला मित्र आहे, त्याच्याकडे धुराचं यंत्र आहे, इतकं जोरदार की एकदा शूटिंगमध्ये हिरो धुरात शिरला तो तीन दिवसांनी म्हैसूरला सापडला, मिशी वाढलेली, लग्न झालेलं. टाउन हॉलपासून तुझ्या गल्लीपर्यंत मी त्या हिरोला दोन मुलंही दिली. तू सगळं ऐकलंस. एकदाही हसली नाहीस. गल्लीच्या तोंडाशी उतरलीस, साडी सावरलीस. "सरी, असू दे," म्हणालीस. "ढग चांगले होते." आणि गेलीस.

बारा दिवसांनी तू गेलीसच. सकाळी कॉफी घेऊन बसल्या जागी. त्याआधीच्या शुक्रवारी तुझा फोन आला होता. "द्राक्षं आणलीत जयनगरहून. ये, तीन पाण्यांतून काढून ठेवते." मी म्हणालो, अक्का, के. आर. पुरमच्या पुलावर एवढी गर्दी आहे की लोक तिथंच मुलांची मुंज करतायत, पुढच्या रविवारी येतो. पूल मोकळा होता. मी घरात होतो. मला तुझ्यासमोर बसायची भीती वाटत होती. पुढचा रविवार आला तेव्हा तुझ्या दारात चपलांचा ढीग होता.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेत गेलो आणि फ्रीजरच्या खालच्या कप्प्यात हात घातला. कणसांमागे पिशवी होती. का टाकली नव्हती, मला विचारू नकोस. मी खोटं बोलू शकतो, तुझं अक्षर कचऱ्यात टाकू शकत नाही, बहुतेक तेवढंच. त्या सकाळी नवा बर्फ आला होता. मी त्या खोक्याला हात लावला तेव्हा हातमोज्यातसुद्धा हात थरथरला. थकलेला हात माझा होता, अक्का. द्राक्षं दळली. जांभळी, कोरडी भुकटी झाली. मेघनापुढे वाटी ठेवली आणि म्हणालो, औषधही मोज, तुकडेही मोज. तिनं मोजलं. म्हणाली, "सर, जवळजवळ सगळं मूळच आहे, तुकडा अगदी थोडा. कुणाचं सॅम्पल हे?"

"अक्कांचं," मी म्हणालो. तिनं आकड्यांचा कागद माझ्या हातात दिला.

आकडे लिहायला म्हणून मी तुझी वही काढली. ती निळ्या पुठ्ठ्याची, शेवटची. त्या द्राक्षांचं पान उघडलं. दोन वाट्यांचे ते भांडणारे आकडे शाईनं लिहिलेले. आणि त्यांच्याखाली, पेन्सिलीनं, तुझ्या निवृत्तीच्या दिवसाची तारीख. नवी कुपी आलेली मला माहीतच नव्हती. तू त्या दिवशी, हार घालायच्या आधी, जुन्या दोन वाट्यांचे उरलेले अर्क फ्रीजमधून काढून त्यांतले तुकडे मोजले होतेस. तुकडा मूळ औषधाहून हलका असतो, म्हणून त्याला गुणून मूळ वजनात आणलं होतंस, मग मूळ आणि तुकडा यांची बेरीज केली होतीस. पहिल्या वाटीची बेरीज. दुसऱ्या वाटीची बेरीज. दोन्ही सारख्या. मी मेघनाचे आकडे तसेच फिरवले, बेरीज केली. तीही तीच.

तुझ्या हातून एक थेंब इकडचा तिकडे झाला नव्हता. औषध कुठेही हरवलं नव्हतं. ते वाटीत बसून फुटलं होतं, एकीत कमी, एकीत जास्त, आणि तू तुकड्या-तुकड्यानं ते सगळं परत गोळा केलं होतंस. ही गोष्ट मी रचलेली नाही. मला असली रचता आलीच नसती.

आणि त्या दोन बेरजांखाली एक ओळ. "दळताना बर्फ नव्हता. दिगूला विचारायचं."

तुझी सवय होती, काम झालं की त्या ओळीपुढे लाल पेन्सिलीनं बरोबरची खूण करायची. वहीभर त्या लाल खुणा आहेत. या ओळीपुढे नाही.

म्हणजे तुला ठाऊक होतं आणि तू उभी राहून सगळ्यांसमोर म्हणालीस की हात थकला. का अक्का? मला वाचवलंस? की मी स्वतः तोंड उघडतो का ते बघत होतीस? ऑटोत, मग फोनवर, द्राक्षं धुऊन? रविवारी आलो असतो तर विचारणार होतीस, की नुसती वाटी पुढे सरकवणार होतीस? हे आता कुठल्या यंत्रात घालून मोजू? मी माझ्या डोक्यात दिवसातून शंभरदा तुझ्या दारात येतो, तू दार उघडतेस, मी सांगायला तोंड उघडतो, आणि तिथंही माझ्या तोंडून तो हिरो निघतो. तिथंही! मी लोकांच्या अंत्ययात्रेतसुद्धा चार माणसं हसवून आलोय आणि मला माझ्याच डोक्यात तुला एक वाक्य सांगता येत नाही.

राघूअण्णा, माफ करा. हसवायचं होतं, जमलं नाही. छापायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पण ज्या सभागृहात तिच्या हातावर मी थापा मारल्या, तिथल्या माणसांना त्या हाताबद्दलची ही एक खरी गोष्ट कळू द्या. साहेबांना मी काल लेखी दिलंय. ते करतील ते करतील.

आणि अक्का, तुझ्या त्या ओळीपुढे मी शाईनं लिहिलं: "बर्फ मी नेला होता, नाटकासाठी. पिशवी वितळली नव्हती. दिगंबर." एवढंच. एक शब्द फुगवला नाही, तुला पटायचं नाही. लाल पेन्सिल वहीतच होती. मी ती उचलली, आणि परत ठेवली. ती खूण तू करायची असतेस.